कोळशाची केटल घेताना: ग्रिल साधं चालेल, चिमणी स्टार्टर मात्र पाहिजेच

मे महिना उजाडला की अमेरिकेतल्या मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक प्रश्न हमखास येतो, ग्रिल घ्यायचंय, कुठलं घेऊ? मग दहा जण दहा लिंका टाकतात, कोणी चार बर्नरवालं गॅसचं सुचवतं, कोणी म्हणतं पेलेट ग्रिल घे रे, मोबाइलवरून चालतं, आणि विचारणारा बिचारा जुलै संपेपर्यंत काहीच घेत नाही. माझं उत्तर ठरलेलं आहे. कोळशाची साधी २२ इंची केटल, म्हणजे झाकण असलेलं गोल ग्रिल, घ्या आणि वाचलेल्या पैशातून चिमणी स्टार्टर (कोळसा पेटवायचं पत्र्याचं नळकांडं), एक चांगला थर्मामीटर आणि एक लांब चिमटा घ्या. बाकी सगळं नंतर, आणि त्यातलं निम्मं तर कधीच नाही. असं का ते जरा सविस्तर सांगतो, कारण होम डेपो किंवा लोजसारख्या मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात ग्रिलच्या त्या रांगेत शिरलं की समोर मांडलेला चकचकीत माल बघून भले भले भरकटतात.

पण आधी घर बघा, मग ग्रिल. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर लीझ काढून नीट वाचा. इथल्या बऱ्याच शहरांच्या फायर कोडमध्ये, जिथे दोनपेक्षा जास्त घरं आहेत अशा बिल्डिंगच्या बाल्कनीत कोळसा पेटवायला चक्क मनाई असते, आणि जळू शकेल अशा बांधकामापासून १० फूट लांब राहा असं लिहिलेलं असतं. त्यात चुकीचं काही नाही हो, लाकडी डेक, त्यावर वरच्या मजल्याचा लाकडी डेक, बाजूच्या भिंतीला व्हायनिल साइडिंग म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्ट्या, सगळी काडेपेटीच की. व्हायनिल तर आग न लागता नुसत्या धगीनंच वाकडंतिकडं होऊन लोंबायला लागतं आणि मग सगळी भिंत बदलायचा खर्च. टाउनहाऊसवाल्यांनी एचओएचे, म्हणजे तिथल्या घरमालकांच्या सोसायटीचे, नियम बघा. अपार्टमेंटवाल्यांना १४ इंची छोटी केटल, वेबर कंपनीची स्मोकी जो वगैरे, गाडीत टाकून पार्कात नेता येते, पार्कात कोळसा चालतो का ते आधी बघून. आणि गॅरेजमध्ये नाही म्हणजे नाही, दार पूर्ण वर करून सुद्धा नाही. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना वास ना रंग. पाऊस आला की अर्धवट भाजलेल्या तंगड्यांसकट ग्रिल आत ओढायचा मोह होतो, तो आवरा, छत्री घेऊन उभे राहा, केटलला झाकण आहे, तिला पावसाचं काही नाही.

हे झाकणच या सगळ्याचं मूळ आहे. १९५२ साली शिकागोजवळ वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स नावाच्या कारखान्यात जॉर्ज स्टीफन म्हणून एक जण काम करायचा, तिथे पाण्यावर तरंगणाऱ्या बोया बनायच्या. तेव्हाची ग्रिलं म्हणजे उघडी परात, वारा आला की राख जेवणावर आणि आच कधी जास्त कधी गायब. त्याने बोयाचा तो अर्धा गोल घेतला, खाली पाय लावले, वर झाकण ठेवलं, हवेला भोकं पाडली. सत्तर वर्षांत मूळ रचना जवळजवळ तीच आहे, म्हणून मी म्हणतो की महागातलं मॉडेल घेऊन तुम्हाला वेगळी आच मिळत नाही, सोयी मिळतात.

ती भोकं नीट समजून घ्या, बाकी ग्रिलिंग आपोआप जमतं. खाली तीन पाती असतात, एक दांडा फिरवला की उघडतात-मिटतात. वर झाकणाला डँपर, म्हणजे भोकं उघडायची-मिटायची फिरती चकती. हवा खालून शिरते, निखाऱ्यांना मिळते, गरम होऊन जेवणावरून फिरते आणि वरून बाहेर जाते. आपल्याकडे शेगडीला पंख्यानं वारा घालायचे तेच तत्त्व, फक्त इथे वारा घालायच्या ऐवजी किती येऊ द्यायचा ते ठरवायचं. वरचा डँपर उघडाच ठेवायचा आणि खालच्या दांड्यानं आच कमीजास्त करायची. गॅसची सवय असलेल्यांचा इथे गोंधळ होतो, त्यांना वाटतं आच जास्त झाली तर झाकण उघडावं, थंड होईल. उलटं होतं! झाकण उघडलं की निखाऱ्यांना मोकळी हवा मिळते आणि ते आणखी फुलतात. चिकनची चरबी गळून भडका उडाला तरी पाणी मारायचं नाही, राख उडून सगळ्या मसाल्यावर बसते. तंगड्या बाजूला सरकवायच्या आणि झाकण लावायचं, भडका आपोआप बसतो.

आता साइझ. बाजारात मुख्य तीन, १८, २२ आणि २६ इंच. १८ वाल्याची जाळी साधारण २४० चौरस इंच, २२ ची ३६३, २६ ची ५०० च्या थोडी वर. नुसते आकडे बघून वाटतं की आम्ही दोघंच आहोत, १८ पुरेल. पण कोळशावर निम्म्या जाळीखालीच निखारे ठेवायचे असतात, उरलेल्या निम्म्या भागात आच न लागता झाकणाखालच्या गरम हवेत शिजायला जागा लागते, आणि १८ मध्ये ती जागा इतकी कमी उरते की चार तंगड्या ठेवल्या की संपली. शिवाय ज्या काही अॅक्सेसरीज निघतात त्यातल्या बहुतेक आधी २२ साठी निघतात. २६ इंची दिसायला भारी, पण तिला कोळसा खूप लागतो आणि रोजच्या चार कणसांसाठी ती पेटवायचा कंटाळा येतो. ज्यांच्याकडे दर महिन्याला तीस माणसांचं पॉटलक असतं त्यांनी जरूर घ्यावी. बाकीच्यांनी २२.

आपल्या लोकांच्या बाबतीत आणखी एक मुद्दा असतो जो कुठल्याच अमेरिकन गाइडमध्ये सापडणार नाही, तो म्हणजे व्हेज-नॉनव्हेज. पाहुण्यांत निम्मे शाकाहारी, त्यातल्या दोन काकू अशा की ज्या जाळीवर कोंबडी गेली त्या जाळीवरचं कणीस घेणार नाहीत, आणि त्या तोंडानं काही बोलत नाहीत, नुसतं "मी जेवून आलेय गं" म्हणतात. तर सरळ एक जास्तीची जाळी विकत घ्या, वेगळी मिळते, फार महाग नसते. तिला तार बांधून खूण करा, चिमटा पण वेगळा ठेवा. आधी शाकाहारी जाळीवर पनीर, कणसं, सिमला मिरची, अननस सगळं काढून घ्यायचं आणि मग जाळी बदलून नॉनव्हेज. उलट क्रमानं केलं तर खाली गळलेल्या चरबीचा धूर भाज्यांना लागतो आणि मग वेगळ्या जाळीचा उपयोग काय. अगदी कडक पाळणारे येणार असतील तर १४ इंची छोटी केटल वेगळी पेटवावी, त्याला पर्याय नाही.

मॉडेलांची नावं ऐकून घाबरू नका. वेबरचंच उदाहरण घेतो कारण सगळ्यात जास्त तीच दिसते. साधी ओरिजिनल केटल असते, तिच्याखाली राख पडायला नुसती उघडी अॅल्युमिनियमची ताटली, वारा सुटला की राख अंगणभर. ओरिजिनल प्रीमियममध्ये खाली बंद डबा येतो, झाकणात थर्मामीटर येतो आणि जाळीच्या दोन्ही बाजू बिजागरीवर उचलता येतात. मास्टर-टचमध्ये त्याशिवाय झाकण अडकवायला होल्डर, कोळशाच्या टोपल्या, मधून निघणारी जाळी. परफॉर्मर म्हणजे तीच केटल, पण टेबलात बसवलेली, कापायला-ठेवायला जागा. मी प्रीमियम घ्या म्हणतो ते दोन गोष्टींसाठी, बंद राखेचा डबा आणि बिजागरीची जाळी. बिजागरी ही चैन वाटते पण मध्येच कोळसा टाकायचा झाला तर नुसता कडेचा भाग उचलून टाकता येतो, नाहीतर सगळी गरम जाळी जेवणासकट उचलून ठेवायची कुठे? झाकणाचा होल्डर नसला तरी चालतो, झाकणाच्या आतल्या बाजूला एक हूक असतो, तो भांड्याच्या काठाला अडकवायचा, झाकण बाजूला लटकत राहतं. बऱ्याच जणांना हा हूक दिसतच नाही आणि ते गरम झाकण गवतावर ठेवतात, गवतावर पिवळं वर्तुळ.

झाकणातल्या थर्मामीटरवर मात्र फार भरवसा नको. तो झाकणाजवळची हवा सांगतो, जाळीजवळची नाही, आणि निखारे त्याच्या बरोबर खाली असतील तर भलताच आकडा दाखवतो. अंदाजाला ठीक.

दुसऱ्या कंपन्यांच्या स्वस्त केटली पण आहेत, त्या सरसकट वाईट नसतात. दुकानात डिस्प्लेला ठेवलेली असेल तर तीन गोष्टी करून बघा. खालची पाती पूर्ण मिटतात का बघा, फटी राहत असतील तर आच कधीच खाली आणता येणार नाही आणि शेवटी विझवता पण येणार नाही. झाकण लावून गोल फिरवा, कुठे डुगडुगत असेल तर ते चेपलेलं आहे, सोडा. आणि पत्र्यावर एनॅमल आहे का नुसता रंग, ते बघा. एनॅमल काचेसारखा गुळगुळीत असतो, टिचकी मारली की घट्ट वाजतो. नुसता रंग दोन उन्हाळ्यांत पोपडे धरतो आणि तळाला गंज लागतो. यात पास झाली तर खुशाल घ्या.

सेकंडहँड घ्यायला तर माझा पूर्ण पाठिंबा आहे. लोक घर बदलतात तेव्हा केटल ट्रकमध्ये न टाकता फेसबुकच्या मार्केटप्लेसवर पन्नास डॉलरला किंवा फुकट देऊन टाकतात. झाकणाच्या आतून काळे पापुद्रे सुटलेले दिसतील, तो रंग नाही, साठून जळलेल्या तेलाधुराचा थर आहे, चुरगळलेल्या अॅल्युमिनियम फॉइलनं घासला की निघतो, त्यावरून भाव पाडून घ्यायला हरकत नाही. खरं बघायचं ते तळाला, ती तीन भोकं असतात तिथे. ओली राख महिनोन् महिने पडून राहिली की तिथूनच पत्रा खातो. बोटानं दाबा, भुगा पडला तर नमस्कार करून निघा. पाती, जाळ्या, चाकं, पाय हे सगळं सुटं मिळतं, बदलता येतं, पण भांडं सडलं की संपलं. वेबरच्या झाकणाच्या डँपरवर एखाद-दोन इंग्रजी अक्षरं उमटवलेली असतात, त्यावरून कुठल्या वर्षीची आहे ते काढता येतं, पुष्कळदा ती केटल विकणाऱ्याच्या लग्नाच्या आधीची निघते आणि तरी मस्त चालते.

कोळशाचं थोडक्यात सांगतो. दोन प्रकार. ब्रिकेट म्हणजे भुकटी दाबून केलेल्या उशीच्या आकाराच्या वड्या, सगळ्या एकसारख्या, म्हणून आच पण एकसारखी आणि किती टाकायच्या त्याचा हिशोब राहतो. इथला सगळ्यात ओळखीचा ब्रँड किंग्सफर्ड, त्याचं मूळ हेन्री फोर्डच्या गाड्यांच्या कारखान्यात आहे, गाडीच्या लाकडी भागांतून उरलेले तुकडे वाया जायचे त्यातून त्याने हा धंदा काढला. दुसरा लंप कोळसा, म्हणजे आपला ओळखीचा लाकडी कोळसा, वाकडेतिकडे तुकडे, लवकर पेटतो, जास्त तापतो, राख कमी, पण ठिणग्या उडतात आणि पिशवीच्या तळाशी चुरा निघतो. नवशिक्यांनी ब्रिकेटनं सुरुवात करा. तंदुरी प्रकार जमायला लागले की लंप आणा. एकच प्रकार टाळा, काडी लावली की पेटणारा, आधीच रॉकेलसारख्या द्रवात भिजवलेला. लायटर फ्लुइडच्या बाटलीचं पण तेच. तो वास मांसाला लागतो आणि वांग्याला तर असा लागतो की भरीत टाकून द्यावं लागेल.

आणि म्हणूनच चिमणी स्टार्टर. पंधरा-तीस डॉलरची वस्तू, पत्र्याचा नळकांडं आणि त्याला दोन मुठी, पण तिच्याशिवाय केटल घेऊच नका असं मी सांगतो. आत खालच्या बाजूला जाळी असते, त्याच्या वर कोळसा, खाली कागद. वापरायची पद्धत अशी. केटलची वरची जाळी काढून ठेवा, खालची पाती पूर्ण उघडा. चिमणीत कोळसा भरा, मोठ्या साइझच्या चिमणीत साधारण शंभर ब्रिकेट मावतात, चिकनला पूर्ण भरा, नुसत्या भाज्यांना अर्धी पुरे. खालच्या पोकळीत वर्तमानपत्राचे दोन कागद सैलसर चुरगळून घाला, गच्च कोंबले तर हवा अडते आणि नुसता धूर होतो. कागदावर चार थेंब खायचं तेल टाकलं तर तो जास्त वेळ जळतो. मग चिमणी केटलच्या आतच, कोळशाच्या जाळीवर ठेवायची आणि खालून दोन-तीन ठिकाणी काडी लावायची. ड्राइव्हवेवर ठेवू नका, डांबर मऊ होतं आणि काँक्रीटच्या खपल्या उडतात. पहिली पाच मिनिटं पांढराशुभ्र दाट धूर येईल, शेजारी खिडकीतून बघतील, बघू देत. मग धूर विरळ होतो, आतून फुरफुर आवाज यायला लागतो, आणि पंधरा-वीस मिनिटांनी सगळ्यात वरच्या वड्यांच्या कडा राखाडी दिसायला लागल्या आणि फटींतून ज्वाळा डोकावल्या की झालं. हातमोजा घालून एका हातानं मोठी मूठ, दुसऱ्या हातानं आडवी तारेची मूठ धरून, अंगापासून लांबच्या दिशेनं ओतायचे. सगळे पांढरे होईपर्यंत थांबू नका, तोपर्यंत अर्धी धग वाया गेलेली असते.

दुसरी खरेदी, टोचायचा डिजिटल थर्मामीटर, दोन-चार सेकंदात आकडा सांगणारा. याच्यावर जरा जास्तच बोलणार आहे कारण आपल्यात चिकन कच्चं राहील या भीतीनं ते इतकं भाजतात की चावता चावता दात दुखतात. चिकनला आतून १६५ फॅरनहाइट म्हणजे ७४ सेल्सियस लागतं, ब्रेस्ट त्या आकड्याला लगेच काढायचं. तंगडी आणि मांडी मात्र १७५ ते १८५ पर्यंत गेली तर उलट मऊ होते, हाडाजवळचा चिवटपणा जातो. मासा १४५, म्हणजे ६३ सेल्सियस. टोचताना टोक हाडाला टेकू देऊ नका, हाडाजवळ आकडा चुकीचा येतो. एकदा आकड्यावर विश्वास बसला की सुरीनं कापून बघायची सवय सुटते, आणि कापल्या कापल्या जो रस बाहेर जातो तो आतच राहतो. घरात डाव्या-उजव्या बाजूला उभं राहून "अजून पाच मिनिटं ठेव" म्हणणाऱ्यांना पण हा आकडा दाखवता येतो.

तिसरा चिमटा. घरातली सांडशी नको, हाताचे केस जळतील. १६ इंचाच्या आसपासचा, स्प्रिंगवाला, पुढे दातेरी. ग्रिलच्या सेटमध्ये येणारी ती सुटकेसमधली अठरा आयुधं कृपया घेऊ नका, कोणी भेट दिली तर त्यातला चिमटा तेवढा ठेवा. हातमोजे कापडी ओव्हनवाले नकोत, वेल्डिंगचे चामड्याचे घ्या, हार्डवेअरच्या दुकानात स्वस्त मिळतात.

सळ्या घ्यायच्या तर चपट्या. गोल सळीवर पनीर आणि कांद्याच्या पाकळ्या लावल्या की तुम्ही सळी फिरवता आणि पनीर जागच्या जागी राहतं, एक बाजू कोळसा आणि दुसरी पांढरीच. इंडियन स्टोअरमध्ये किंवा इराणी-तुर्की दुकानात चपट्या रुंद सळ्या मिळतात, सीख कबाबाला पण त्याच लागतात.

जाळी घासायचा ब्रश हा एक गंभीर विषय आहे. तारांचे ब्रश स्वस्त असतात आणि त्यातली एखादी बारीक तार सुटून जाळीला चिकटते, तिथून जेवणात आणि तिथून घशात किंवा आतड्यात. गंमत नाही, अमेरिकेच्या सीडीसीनं, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेनं, २०१२ मध्ये अशा केसेसचा रिपोर्ट छापला होता, काहींची ऑपरेशनं करावी लागली होती. मी तारेचा ब्रश वापरत नाही. जाळी गरम असताना फॉइलचा बोळा चिमट्यात धरून घासायची, मग अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवून जाळीवर फिरवायचा. जाळी साफ होते, तेल लागतं आणि वास असा येतो की आतली मंडळी न बोलावता बाहेर येतात.

आता न घ्यायच्या गोष्टी, किंवा निदान पहिल्या वर्षी न घ्यायच्या. कोळशाच्या टोपल्या, उपयोगी आहेत, पण दोन फायर ब्रिक्स (भट्टीच्या विटा) ठेवून निखारे एका बाजूला अडवले तरी तेच होतं. रोटिसरी, म्हणजे मोटरवर अख्खी कोंबडी फिरवायची रिंग, बघायला मजा येते, पण कोंबडीचा कणा कापून ती पुस्तकासारखी सपाट उघडली तर त्याहून लवकर आणि चांगली भाजते. पिझ्झाची रिंग ज्याला रोज पिझ्झा करायचाय त्यानं घ्यावी. बिडाचा तवा ग्रिलसाठी खास म्हणून विकतात, तुमच्या घरात भारतातून बॅगेत वजन करून आणलेला आहेच, तोच ठेवा, मासे त्यावर सुंदर होतात. फक्त नॉनस्टिक भांडं निखाऱ्यावर कधीच नाही. फॉइलचे उथळ ट्रे मात्र दहा-बाराचं पाकीट आणून ठेवा, जिथे निखारे नाहीत तिथे खाली ठेवायचे, चरबी त्यात गळते, केटल साफ राहते. आणि ग्रिल बाहेरच राहणार असेल तर कव्हर.

पहिल्यांदा पेटवाल तेव्हा काय करायचं तर दोन झोन करायचे. निखारे सगळे एका बाजूला, दुसरी बाजू रिकामी, तिथे फॉइलचा ट्रे. तंगड्यांचं मॅरिनेशन दह्याचं असतं, ते थेट आचेवर ठेवलं तर बाहेरून काळं आणि आतून कच्चं. म्हणून आधी रिकाम्या बाजूला, झाकण लावून, झाकणाचा डँपर चिकनच्या वर येईल असा फिरवून, म्हणजे गरम हवा आणि धूर चिकनवरून जातो. पस्तीस-चाळीस मिनिटांनी टोचून बघा, १६० च्या पुढे दिसलं की निखाऱ्याच्या बाजूला आणून दोन्हीकडून डाग पाडायचे, तोवर आकडा १६५ च्या वर गेलाच पाहिजे, वरून बटर. कोळशावर तूप टाकून धुंगार द्यायची इथे गरजच पडत नाही. कणसं सोलून थेट आचेवर, पण लक्ष ठेवा, इथलं स्वीट कॉर्न साखरेमुळे पटकन करपतं, गावाकडच्या पांढऱ्या कणसाइतका वेळ त्याला लागत नाही. लिंबू, मीठ, तिखट, बाकी काही नको.

भरताची वांगी शेवटी. चिकन निघाल्यावर जे निखारे उरतात ते वाया घालवू नका, त्यांच्यावर वांगी, कांदे, रताळी ठेवून द्या. शाकाहारी पाहुण्यांची वांगी अर्थात आधीच, त्यांच्या जाळीवर. इथलं मोठं काळं वांगं पाणीदार असतं, त्याला अर्धा तास तरी लागतो, दोन-तीन चिरा देऊन आत लसणाच्या पाकळ्या खोचा, तेलाचा हात लावा, आणि दर पाच मिनिटांनी वळवत राहा, साल पूर्ण काळी होऊन वांगं लोळागोळा होईपर्यंत. खानदेशात कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर वांगी भाजतात, ती चव कोळशावर पूर्ण येणार नाही, पण निखाऱ्यांवर हिकरीचा किंवा सफरचंदाच्या लाकडाचा एक तुकडा टाकून झाकण लावलंत तर बऱ्यापैकी जवळ जाते. गॅसच्या बर्नरवर केलेलं भरीत त्यानंतर घरात कोणी खाणार नाही, ही जबाबदारी तुमची.

सगळं झालं की वरचा डँपर आणि खालची पाती बंद. हवा तुटली की निखारे तासा-दोन तासांत विझतात आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी नव्याबरोबर चिमणीत टाकता येतो. राख मात्र त्याच दिवशी काढू नका. वरून गार दिसली तरी आत निखारा जिवंत असतो, एक-दोन दिवस थांबा, मग झाकणाच्या लोखंडी बादलीत भरा, कागदी पिशवीत किंवा प्लॅस्टिकच्या कचऱ्याच्या डब्यात अजिबात नाही. लंप कोळशाची राख भांडी घासायला चालेल, आजीची आठवण येईल, ब्रिकेटची नको, त्यात कोळशाशिवाय इतर गोष्टी असतात. झाडांना पण घालू नका.

पुण्या-मुंबईतले वाचणारे असतील तर त्यांच्यासाठी दोन ओळी. इम्पोर्टेड केटल महागच पडते, वर लिहिलेल्या तीन टेस्ट लावून स्थानिक घ्या. ब्रिकेट नारळाच्या करवंटीचे मिळतात, धूर कमी, आच बराच वेळ टिकते, पेटायला मात्र हट्टी, चिमणीत पाच-दहा मिनिटं जास्त द्या. फ्लॅटच्या बाल्कनीत नको, सोसायटीच्या गच्चीवर परवानगी काढून. कोकणात किंवा गोव्यात समुद्राजवळ ठेवणार असाल तर खारी हवा बोल्ट आणि पाती आधी खाते, पावसाळ्यात राख पूर्ण काढून, तेलाचा हात फिरवून आत ठेवा.

खरेदीची वेळ म्हणाल तर अमेरिकेत कोळसा मेमोरियल डे (मे अखेर) आणि चार जुलैच्या आसपास जोडी पॅकमध्ये स्वस्त लागतो तेव्हा वर्षाचा भरून ठेवा, कोरड्या जागी, कारण दमट झालेला कोळसा पेटायला नाकीनऊ आणतो. ग्रिल मात्र लेबर डेनंतर (सप्टेंबरचा पहिला सोमवार) बघा, दुकानांना तिथे हीटर आणि लीफ ब्लोअर मांडायचे असतात, मग डिस्प्लेचं जोडलेलं ग्रिल पण कमी करून देतात का विचारा. विचारायला लाजू नका, मॅनेजरला विचारा, कॅशियरला नाही.